कोरडी राहिलेली पिन

मार्चमध्ये लॉकी मॅकअस्किलचं उजवं अंग गेलं. पुरतं गेलं नाही, पण हात खांद्यापासून लोंबकळायला लागला आणि पाय फरफटत यायला लागला. कॅनडातल्या सिडनी शहरातल्या हॉस्पिटलातून तो पाच आठवड्यांनी घरी आला तेव्हा मेंढ्या व्यायला लागल्या होत्या, आणि ट्रॅक्टर त्याची बायको मर्डीना चालवत होती.

ट्रॅक्टर तसा लहानच. पंचवीस हॉर्सपॉवरचा, पुढे ओझी उचलायचा लोडर बसवलेला. पण केप ब्रेटन बेटावरच्या त्या खोऱ्यात चाळीस मेंढ्या, चाऱ्याचे गोल गठ्ठे, शेणखत आणि चार महिन्यांचं बर्फ एवढं सगळं त्याच्याच जिवावर चालायचं. अकरा वर्षं लॉकीने दुसऱ्या कुणाला त्याच्यावर बसू दिलं नव्हतं. आता तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची लावून बसायचा. तिथून गोठ्याचं दार सरळ दिसायचं.

मर्डीनाने बूट चढवले की तो विचारायचा, "ग्रीस केलंस का?"

"काल केलं."

"काल चिखलात काम झालं. आज परत कर."

"पुस्तकात दहा तासांनी लिहिलंय लॉकी. काल मी तीन तास चालवलाय."

"पुस्तक लिहिणाऱ्याने आपला चिखल बघितलाय? पिनेत पाणी शिरलं की ग्रीस बाहेर येतं. नवं ग्रीस घातलं की घाण बाहेर येते. एवढं साधं आहे."

मर्डीना सदुसष्ट वर्षांची. उंच, हाडापेराने मजबूत, आणि बोलायला कमी. ती ग्रीस गन घेऊन लोडरभोवती फिरायची. बकेटच्या पिना, बाहूंच्या पिना, सिलिंडरच्या दोन्ही टोकांच्या पिना, सगळी मिळून ग्रीस भरायची चौदा टोकं, म्हणजे निपलं. आधी फडक्याने निपल पुसायचं, मग गन लावायची, मग कडेने ताज्या ग्रीसची बारीक वळी दिसेपर्यंत दाबायची. हे सगळं त्यानेच तिला खुर्चीत बसून, डाव्या हाताने हवेत चित्रं काढून शिकवलं होतं. शिकवताना तो गोड नव्हता. "अगं, लोणी फासतेयस का पावाला? पुसून घे आधी!" असं खिडकीतून ओरडायचा.

जुलैत चारा भरायच्या घाईत तिने दोन दिवस ग्रीस टाळलं आणि विचारल्यावर "केलं" म्हणून सांगितलं. संध्याकाळी ती गठ्ठा उचलून गोठ्याकडे वळली तेव्हा बकेट कण्हल्यासारखी कुरकुरली. ती आत आल्यावर लॉकी नुसता तिच्याकडे बघत राहिला. ते तिला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

"बोल ना," ती म्हणाली.

"काय बोलू? तोंडाला खोटं बोलता येतं. पिनेला नाही येत."

दुसऱ्या दिवशी तिने ट्रॅक्टरचं पुस्तक कपाटातून काढलं. खरं कारण असं, की तिला त्याची एखादी चूक सापडायला हवी होती. चहा निवेपर्यंत ती एकेक पान बोटाने वाचत गेली. लोडर, दहा तास. बरोबर. मागची अवजारं उचलायची दांडी, बरोबर. मग एका चित्रावर बोट थांबलं. पुढचा एक्सल, म्हणजे पुढच्या चाकांचा आस, ज्या मोठ्या पिनेवर डोलतो, ती जिथे बसते तिथे एक निपल. दर पन्नास तासांनी.

हे निपल लॉकीने तिला कधी दाखवलं नव्हतं.

ती गोठ्यात गेली आणि पोत्यावर आडवी होऊन ट्रॅक्टरखाली सरकली. लोडर बसवताना पुढे एक जाड लोखंडी पट्टी लावलेली होती, तिच्या मागे काहीच दिसत नव्हतं. तिने हात घातला. बोटांना आधी चिखल लागला, चिखलाच्या मागे वाळलेलं गवत, आणि गवताच्या मागे एक टोक. खरवडून बॅटरीचा उजेड टाकला, तर निपलवर कारखान्याचा केशरी रंग जसाच्या तसा होता. गन लावली, सगळा जोर टाकून दाबली. ग्रीस आत गेलं नाही, तिच्या मनगटावर आलं.

मीटरवर अकराशे तीस तास होते.

तिला आनंद झाला. तो किती वेळ टिकला हे तिने मोजलं नाही, पण घराच्या पायरीपर्यंत काही पोचला नाही. आत लॉकी डाव्या हाताने शर्टाची गुंडी लावत होता. चौथ्यांदा सुटली. ती पुढे झाली नाही, कारण पुढे झालेलं त्याला आवडायचं नाही.

दोन दिवसांनी तिने आयझॅक बुद्रोला बोलावलं. तो नदीपलीकडचा, लॉकीच्याच वयाचा, सगळ्या खोऱ्याची यंत्रं दुरुस्त करणारा. तो आला तेव्हा लॉकी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंबरोबर आतल्या खोलीत होता. आयझॅकने पट्टी काढली, पुढचा भाग जॅकवर घेतला आणि चाक धरून हलवलं. एक्सल बोटभर पुढेमागे झाला. पिन हातोडा घालून घालून काढावी लागली. एका बाजूने ती झिजून गेली होती, आणि ती ज्या नळीत बसते त्या बुशातून तपकिरी भुकटी गळली.

"असाच चालवला असतास तर एखाद्या उतारावर चाक आडवं गेलं असतं," आयझॅक म्हणाला. मग घराकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "पिन मी घेऊन जातो. नवी करून आणतो, बुशही आणतो. लॉकीला काही कळायची गरज नाही. बिचाऱ्याचं आधीच..."

"का? मेलाय का तो?"

आयझॅकने पिन पिशवीत टाकायला उचलली.

"ट्रॅक्टर त्याचा आहे," मर्डीना म्हणाली. "पिन दे इकडे."

तिने ती धुतलीही नाही. टेबलावर ओटकेक बिस्किटांच्या ताटलीशेजारी ठेवली.

"हे काय?" लॉकीने विचारलं.

"पुढच्या एक्सलची पिन. हिला अकरा वर्षांत ग्रीस लागलेलं नाही."

"शक्य नाही."

"निपलवर कारखान्याचा रंग आहे."

"कुठे आहे निपल? मला दाखव."

गोठा चाळीस पावलं दूर. हॉस्पिटलातून आल्यापासून तो अंगणाच्या कडेपलीकडे गेला नव्हता. चार पायांची काठी घेऊन त्याने ते अंतर कापलं. मर्डीना एक पाऊल मागून चालली, हात लावला नाही. त्याला वाकता येईना, म्हणून तिने दाढी करायचा आरसा ट्रॅक्टरखाली धरला आणि बॅटरी लावली.

"पट्टी होती तिच्यामागे," तो म्हणाला. "मी तिथे कधी हातच नाही घातला."

मग भडकला. लोडर बसवणाऱ्यांवर, पट्टीवर, आयझॅकवर. तिच्यावरही. "तू मुद्दाम शोधलंस. मला खाली पाडायला."

"हो," मर्डीना म्हणाली. "सुरुवात त्यासाठीच केली होती."

तो काठी टेकत घराकडे वळला.

दोन दिवस घरात कुणी ग्रीसचं नाव काढलं नाही. बुश यायचे होते, ट्रॅक्टर जॅकवरच होता. तिने गठ्ठे सोडवून चारा थोडा थोडा ढकलगाडीने नेला. तिसऱ्या दिवशी सकाळी लॉकी म्हणाला, "ते पुस्तक दे जरा."

दुपारपर्यंत तो वाचत होता. पानं डाव्या अंगठ्याने उलटायची, उजव्या मुठीने दाबून धरायची. मग त्याने तिला हाक मारली.

"ब्रेकच्या पेडलच्या दांड्याला एक निपल आहे. पायाखाली, आतल्या बाजूला." मग पुस्तक मिटून म्हणाला, "ते पण मी केलेलं नाही. कधीच."

ती हसली नाही. "सापडेल का मला?"

"झोपून बघावं लागेल. मी सांगतो."

शनिवारी आयझॅक सामान घेऊन आला. नवे बुश बसले, नवी पिन बसली. लॉकी ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभा राहिला, गनचं बूड कमरेशी रोवलं आणि डाव्या हाताने दांडा खाली ओढायला लागला. गनचं तोंड मर्डीनाने निपलवर धरलं होतं. सहा वेळा काही झालं नाही. सातव्यांदा पिनेच्या दोन्ही टोकांनी ग्रीसची वळी बाहेर आली.

"बास, बास," आयझॅक म्हणाला.

"तू गप," लॉकी म्हणाला, आणि आणखी एकदा दाबलं.

त्याचा हात पुढे कधी सुधारला नाही. पाय थोडा सुधारला. ग्रीस किती तासांनी करायचं यावरून ते दोघं त्या हिवाळ्यातही भांडले. मर्डीना कोरड्यात पुस्तकाप्रमाणे दहा तास धरायची, चिखलात रोज करायची, आणि एक्सलची पिन महिन्यातून एकदा. लॉकीला महिना फार वाटायचा. जानेवारीत मोठं बर्फ पडलं तेव्हा तिने आपला रस्ता साफ केला, मग आयझॅकचा, मग चर्चचा. परत आली तेव्हा तिच्या पापण्यांवर बर्फ होतं, आणि लॉकीने एका हाताने चहा केला होता. अर्धा टेबलावर सांडला होता. उरलेला दोघांनी प्यायला.