शेपटीवाला टेम्पो

झेंडू कुजला की त्याचा वास तुंबलेल्या मोरीलाही मागे टाकतो, हे निवेदिताला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. चाकणच्या कारखान्यामागच्या सरळसोट रस्त्यावर तिचा टेम्पो चाचणीसाठी उभा होता. खंडेनवमीला घातलेले हार काळे पडून काचेला चिकटले होते. बंपरवर नारळाचं पाणी वाळून चिकट झालं होतं आणि त्यावर माशा बसल्या होत्या. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना माणसाएवढाले केळीचे खुंट सुतळीनं करकचून बांधलेले, त्यांची पानं चिंध्या होऊन लोंबत होती. ते खुंट नवमीला तिनंच बांधले होते.

टेम्पो विजेवर चालणारा, घरोघरी सामान पोचवणारा. दोन वर्षं खपून निवेदितानं त्याला शेपटी लावली होती, म्हणजे मागचा डबा पेटीसारखा चौकोनी न तोडता हळूहळू निमुळता करत नेला होता. वर्कशॉपमधली माणसं हसायची. "मॅडम, टोक पुढं पायजे ना? तुमी रॉकेट उलटं बसवलंय." हवा कापायची तर पुढे धार हवी, असाच बहुतेकांचा समज. निवेदिता म्हणायची, मासा आठवा. डोक्याकडे जाड, शेपटीकडे बारीक. पुढून बाजूला सरलेली हवा अंगाला धरून मागे यावी आणि अलगद मिटावी, मग ती गाडीला मागे खेचत नाही. मागचा भाग एकदम तोडला की तिथे भोवरे माजतात, आणि बिचारी गाडी ते भोवरे दिवसभर ओढत हिंडते.

तिचं हे म्हणणं मनापासून ऐकलं ते एकट्या सयाजीनं. तो मूळचा परांड्याचा, पिंपळे गुरवला भाड्याच्या खोलीत राहणारा कंत्राटी कामगार. शेपटीचा फायबरचा साचा त्याच्या हातचा. पॉलिश पेपर घासून घासून त्यानं ती अशी गुळगुळीत केली होती की डोळे मिटून बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. शेपटी मंजूर झाली तर तिच्यासाठी वेगळं वर्कशॉप निघणार होतं आणि सयाजी तिथला पहिला कायम कामगार होणार होता. नामंजूर झाली तर शेपटी भंगारात, आणि सयाजीचं कंत्राट दिवाळीआधी खलास.

विभागप्रमुख सुरेंद्र सरांना शेपटी नको होती. चौकोनी डब्यात खोकी जास्त मावतात, असं ते वर सांगून बसले होते. पण तोंडावर नाही म्हणतील तर ते सुरेंद्र सर कसले. ओठांत एक, पोटात एक, आणि चेहऱ्यावर सदा प्रसाद वाटल्यासारखं हसू. नवमीला तेच म्हणाले, "निवेदिता, नव्या गाडीची पूजा तुझ्याच हातून. लेकीसारखी सजव." निवेदिता भुलली. पैठणी नेसून तिनं हार घातले, खुंट बांधले, औक्षण केलं, फोटोही काढून घेतले. शेजारच्या जुन्या चौकोनी टेम्पोला एक बारीकसा हार घातला होता, तो दसऱ्यालाच गळून पडला.

चाचणी साधी होती. दोन्ही टेम्पो पन्नासच्या वेगाला न्यायचे, न्यूट्रलला सोडायचे आणि ते आपोआप किती लांब जातात ते मोजायचं. ती बघायला मुख्य कार्यालयातून दोन साहेब आले होते.

"उद्धवराव, आधी हे सगळं उतरवा," निवेदिता ड्रायव्हरला म्हणाली.

"कोजागिरीच्या पुनवंच्या आत? न्हाई मॅडम. आपल्या हितं कुणीच काढत न्हाई. मागल्या साली एकानं काढलं, आन् आठ दिसांत त्याची दोन बोटं प्रेसमधी गेली."

त्या प्रेसची सुरक्षेची जाळी काम लवकर व्हावं म्हणून काढून ठेवलेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण जाळीचं नाव कोणी घेत नव्हतं. दोष हार काढल्याचा.

निवेदितानं स्वतःच सुतळीला हात घातला. तेवढ्यात सुरेंद्र सर आले.

"राहू दे गं. किती प्रसन्न दिसतंय. दोन फुलांनी तुझं विज्ञान बुडणार आहे का?"

साहेब हसले. पुढच्या महिन्यात बढतीची यादी लागणार होती, आणि देवाधर्माच्या आड येणारी बाई म्हणून तिला त्या यादीतून गळायचं नव्हतं. निवेदिताही हसली आणि तिनं हात काढून घेतला. बोटांना कुजक्या पाकळ्यांचा चिकट थर राहिला.

जुना चौकोनी टेम्पो सहाशे बारा मीटर गेला. शेपटीवाला पाचशे सत्त्याण्णव.

गेल्या महिन्यात मोकळ्या अंगानं हाच टेम्पो सातशेच्या घरात गेला होता. आता खुंटांनी पुढच्या कोपऱ्यांवरच हवेचा चिवडा केला. अंगाला धरून मागे यायला हवा उरलीच नाही, मग शेपटीनं मिटायचं काय? निवेदिताला हे गाडी सुटायच्या आधीच दिसत होतं. गेल्या महिन्याचे आकडे तिच्या बॅगेत होते. बॅग तिच्या खांद्यावर होती. तिनं चेनसुद्धा उघडली नाही.

"फिनिशिंग कमी पडलं असेल," सुरेंद्र सर साहेबांना म्हणाले. "कंत्राटी हाताचं काम, चालायचंच."

अहवालात तेच वाक्य आलं. निवेदितानं सही केली. जेवायला कॅन्टीनमध्ये दसऱ्याचं उरलेलं श्रीखंड होतं. सुरेंद्र सर बोट चाटत म्हणाले, "तू समजूतदार आहेस." त्यांची किळस आली, पण ती जुनी होती, सवयीची. स्वतःची आली ती नवी होती, आणि ती पाण्याबरोबर गिळता येईना. दुपारी तीनला साहेबांची गाडी विमानतळाकडे गेली आणि चौकोनी डब्याच्या साच्याची ऑर्डरही सुटली.

शिफ्ट संपताना ती शेडमध्ये गेली. सयाजी शेपटीपाशी उकिडवा बसून सांध्यावरून अंगठा फिरवत होता.

"म्याडम, फिनिशिंग कुठं खराब लागलं वो? दुपारपासून हुडकतोय. मला तर घावंना."

"तुमचं काहीच चुकलेलं नाही, सयाजी. फिनिशिंग चांगलं होतं. गाडी मागे पडली ती पुढच्या खुंटांमुळे."

तिनं समजावलं. फार समजवावं लागलं नाही. दोन वर्षं तो हाच आकार हातानं घडवत होता.

"हे तुमाला मागनं कळलं का?"

हो म्हणणं सोपं होतं. तो शब्द तिच्या जिभेवर आलाही होता.

"नाही," ती म्हणाली. "सकाळीच ठाऊक होतं. सगळ्यांसमोर काढायची हिंमत झाली नाही."

सयाजी अंगठ्याची पांढरी भुकटी पँटीला पुसून उठला.

"मला हाक मारायची व्हती की," तो म्हणाला. "मी हितंच व्हतो. मी काढलं असतं."

त्याला हाक मारावी, हे सकाळी निवेदिताच्या मनातही आलं नव्हतं.