करटोल्यांचा नवरदेव

हे कोणी खरं मानणार नाही, तरी सांगतो. अठ्ठ्याण्णव साली तांड्यावर मी एका माणसाचा असा सूड घेतला, की त्याच्या बोंबेनं वारंगा फाट्यावर सहा ट्रक जागीच थांबले.

माणूस कळमनुरीचा कारकून. नाव विसरलो. सूड पुरा झाल्यावर नाव कशाला लक्षात ठेवायचं?

आमच्या टेकडीच्या उतारावर करटोल्यांचे वेल. ते माझ्या बायकोच्या, गोजरबाईच्या ताब्यात. निम्मी करटोली तोडायची, निम्मी बी पडायला वेलावरच ठेवायची, कंदाला हात लावायचा नाही, हा तिचा कायदा. सगळ्या उतारावर नर वेल एकच. त्याला फळ येत नाही, पण तो नसला तर बाकीच्यांनाही धरत नाही. गोजरबाई त्याला नवरदेव म्हणायची, दर आषाढात बुडाला हळद लावायची. माझ्या आईनं मरताना तिच्या हाती दुसरं काही दिलं नव्हतं, हा उतार दिला होता.

अन् त्या कारकुनानं नवरदेवच कंदासकट उपटला! म्हणे, "रिकामा वेल, उगी जागा अडवून राहिला."

त्या श्रावणात उतार पिवळ्या फुलांनी भरला आणि करटोलं एकही धरलं नाही. गोजरबाई रिकामी पाटी पालथी घालून दोन दिवस तिथंच बसली. अन्नाला शिवली नाही.

मी म्हटलं, थांब. रानसुरणाचा कंद खणून आणला. हा कंद चिंचेच्या पाण्यात दोनदा उकळायचा, तरीही आधी बोटभर खाऊन दिवसभर वाट बघायची, ही तांड्याची रीत. मी त्याला चिंच दाखवलीसुद्धा नाही. लसणाची फोडणी दिली, वर तेल सोडलं, कारकुनापुढं ताट सरकवलं. गडी अधाशी! चार घास मिटक्या मारत गिळले आणि पाचव्याला नरड्यात निवडुंग उगवला. जीभ कुरुंदा गावच्या हळद शिजवायच्या कढईतल्या हळकुंडासारखी फुगली. कानाच्या आत खाज, बोट पोचत नाही तिथं. पाणी प्यावं तर पाणीच टोचायचं. तीन दिवस त्याच्या तोंडातून शब्द फुटला नाही.

बाजेवर बसून ऐकणारा शेजारचा धनसिंग म्हणाला, "नाना, पाणी टोचतं हे तुमाला काहून ठावं? नरडं तर कारकुनाचं व्हतं."

"त्यानंच सांगितलं."

"शब्द फुटत नव्हता, अन् सांगितलं?"

मी बिडी शोधायला लागलो. दारात तरोट्याचा पाला निवडत बसलेल्या गोजरबाईनं मानसुद्धा वर केली नाही.

"कारकून-बिरकून कोणी न्हाई, धनसिंग. वेल यांनीच उपटला. चिंच मी लपवली." तिनं पाला पाटीत टाकला. "आजबी भाजी मीच रांधून राहिले. बसा म्हणावं जेवायला."