नऊ मिनिटांचा थांबा

मित्रांनो, तुमच्यातले कितीतरी जण माझ्यापासून हातभर अंतरावर बसून वर्षानुवर्षं शाळेत गेले, पण माझ्याकडे कुणी कधी नीट पाहिलं नसेल. मी एक जुनी नोंदपेटी आहे. शाळेच्या बसमध्ये स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ माझी जागा होती. लोक मला ब्लॅक बॉक्स म्हणतात. मी काळी नाही, राखाडी आहे, आणि आकाराने तुमच्या जेवणाच्या डब्याएवढी आहे. एका पहिलीतल्या मुलीला तर मी खाऊचा डबाच वाटायची. ती रोज चढताना मला टकटक करून विचारायची, "आज काय आहे?"

माझ्या पोटात खाऊ नव्हता, आकडे होते. बस किती वेगाने धावली, ब्रेक कधी दाबला, दार कधी उघडलं, इंजिन कधी बंद झालं, बस कुठे थांबली आणि किती वेळ थांबली, हे सगळं मी लिहून ठेवायची. मला ऐकूही यायचं. पण ऐकलेलं लिहून ठेवायला माझ्यात जागाच ठेवलेली नव्हती. हे एवढं लक्षात ठेवा, कारण माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ तिथे आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे बायका भिंगातून बघत बघत माझ्या तारा जोडत होत्या. शेवटी मला एका थरथरणाऱ्या टेबलावर ठेवून तासभर गदागदा हलवलं. तपासणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवर शिक्का मारला आणि म्हणाल्या, "ही काही विसरायची नाही." तेव्हा मला तो आशीर्वाद वाटला होता.

माझी बस एक मावशी चालवायच्या. सगळी मुलं त्यांना बसमावशीच म्हणत. नवरा गेल्यावर त्यांनी गाडी शिकली, मोठ्या गाडीचं लायसन काढलं आणि एकुलत्या एका मुलीला वाढवलं. आवाज असा खणखणीत, की शेवटच्या बाकावरचा दंगा एका हाकेत थांबावा. "बुड टेकल्याशिवाय बस हलायची नाही!" असं त्या रोज सकाळी ओरडायच्या, आणि खरोखरच तेवीसच्या तेवीस मुलं बसेपर्यंत त्यांचा पाय क्लचवरून निघायचा नाही. मीच त्याची साक्षीदार आहे.

पहिली तीन वर्षं माझी फार चैनीत गेली. एकदा चौकात एक मोटार आडवी घुसून बसला घासली. मोटारवाला खाली उतरून गरजायला लागला, "साठच्या स्पीडनं हाणत होती ही बाई! शाळेची बस आहे का विमान?" गर्दी जमली. गर्दीला बाईचीच चूक दिसत होती. दुसऱ्या दिवशी मला शाळेच्या ऑफिसात नेऊन कॉम्प्युटरला जोडलं. मी सांगितलं, वेग एकोणीस, आणि धडकेच्या आधीच ब्रेक दाबलेला. मोटारवाल्याचं तोंड बंद झालं. त्या दुपारी मावशींनी आपल्या रुमालाने मला पुसलं आणि म्हणाल्या, "पोरी, लाज राखलीस गं माझी." मित्रांनो, एवढं कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आलं नाही.

पुढच्या वर्षी एका दुपारची गोष्ट. शेवटचं मूल उतरलं होतं. रिकामी बस सिग्नलला उभी असताना कुणीतरी दारावर थापा मारल्या.

"आई, दार उघड. लवकर उघड."

ती मावशींची मुलगी होती. लग्न होऊन दोन वर्षं झालेली. तिचा डावा हात टॉवेलात गुंडाळलेला होता आणि एका पायात चप्पल नव्हती. ती चढली आणि पहिल्या बाकाला धरून उभीच राहिली.

"परत त्यानंच?" मावशींनी विचारलं.

मुलीने मान हलवली. सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न मारू लागल्या. मावशी समोर बघत होत्या. "बोल ना गं काहीतरी," मुलगी म्हणाली.

"खाली बस आधी," मावशी म्हणाल्या, आणि तो खणखणीत आवाज मधेच चिरकला. "बुड टेकल्याशिवाय बस हलायची नाही."

दवाखान्यात हाताला प्लास्टर घातलं. तिथल्याच एका नर्सने एक पत्ता दिला. कपडे रंगवण्याच्या कारखान्यामागे एक दुमजली इमारत होती, तिच्यावर पाटी नव्हती. नवऱ्याच्या मारापासून पळून आलेल्या बायका तिथे राहत. ते घर सांभाळणाऱ्या बाई कोपऱ्यापर्यंत आल्या आणि बसच्या पायरीवर उभं राहून त्यांनी नियम सांगितला.

"इथला पत्ता कुणाला द्यायचा नाही. भावाला नाही, मैत्रिणीला नाही. चौदा जणी आहेत आत, आणि सहा लेकरं. एकीचा पत्ता फुटला की सगळ्यांचा फुटतो."

"मी आई आहे हो तिची," मावशी म्हणाल्या.

बाईंनी मुलीच्या प्लास्टरकडे पाहिलं. "दारात यायचं नाही. इथं कोपऱ्यावर भेटा. थोडाच वेळ."

पत्ता कुणालाही द्यायचा नाही, असं त्या बोलत होत्या, आणि त्यांच्यापासून दोन हातांवर मी तो लिहून घेत होते.

त्यानंतर रोज शेवटचं मूल उतरलं, की डेपोकडे जाताना बस त्या कोपऱ्यावर थांबू लागली. मुलगी मागच्या फाटकातून यायची. प्लास्टर घातलेल्या हाताने तिला केस विंचरता येत नसत, म्हणून ती पहिल्या बाकावर पाठ करून बसायची आणि मावशी तिची वेणी घालायच्या. बोलणं कमीच.

"झोप लागली?"

"लागली. शेजारच्या कॉटवरची घोरते."

"तूही लहानपणी घोरायचीस. मी कुणाला सांगितलं नाही."

एवढ्यावर दोघी हसायच्या. वेणीला नऊ मिनिटं लागायची. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, तरी मुलगी वेणी घालून घ्यायला येतच राहिली. माझ्या पोटात मात्र इतकंच साठत होतं: वेग शून्य, इंजिन बंद, दार उघडं, नऊ मिनिटं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. जागा अगदी पावलाच्या अंतरापर्यंत अचूक.

मी जुन्या पद्धतीची पेटी, सगळं आतच साठवणारी. दर शनिवारी बस धुवायला उभी राहिली, की मिस्त्री माझे चार स्क्रू काढून मला ऑफिसात नेत. वाहतुकीचे साहेब मला कॉम्प्युटरला जोडत आणि पडद्यावर नकाशा उमटे. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांना फक्त नीटनेटकेपणाची भारी हौस होती. मुलांचे थांबे हिरवे, बाकीचे लाल. एका शनिवारी त्यांनी मावशींना बोलावून घेतलं.

"मावशी, हा लाल ठिपका कसला? रोज नऊ मिनिटं?"

"पाय मोकळे करते जरा. गुडघा आखडतो."

"रोज त्याच कोपऱ्यावर आखडतो?" साहेब हसले.

मावशी हसल्या नाहीत. "साहेब, मुलं उतरलेली असतात. डेपोत गाडी वेळेवर लागते. ते तेवढं पुसता नाही का येणार?"

"पुसायचं कशाला? लपवण्यासारखं काही नसेल, तर घाबरायचं काय कारण?"

खरं सांगावं, तर चौदा जणींचा पत्ता जातो. न सांगावं, तर खोटारडी ठरते. मावशी "बरं" म्हणून निघून गेल्या. मला सगळं ठाऊक होतं, आणि मी त्यांच्या बाजूने एक शब्द उच्चारू शकले नाही.

तो कोपरा त्यांनी बदलायला हवा होता, असं तुम्ही म्हणाल. त्यांनी बदललाही. दोन दिवस बस पुढच्या गल्लीत थांबली. पण मुलीला तिथवर मोठ्या रस्त्यावरून चालत यावं लागे. दुसऱ्या दिवशी ती धापा टाकत, घामाने भिजून आली आणि म्हणाली, "आई, मला वाटलं तो मागेच आहे." मावशींनी बस पुन्हा जुन्या कोपऱ्यावर आणली.

आणि मग तो शनिवार आला.

मी टेबलावर पडले होते, वायर जोडलेली. दारात एक तरुण उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी, बोलणं मधासारखं.

"साहेब, मी तुमच्या बसमावशींचा जावई. जरा त्यांच्याबद्दल काळजी वाटते हो. बायको माहेरी आहे, पण दोघींपैकी कुणी फोन उचलत नाही. सासूबाई दुपारी कुठं तरी जातात म्हणे. या वयात गाडी चालवायची, तब्येतीचं काही असलं तर आपल्याला कळायला नको?"

साहेबांना ते पटलं. कुणालाही पटलं असतं. "अहो, मीही तेच म्हणत होतो," ते म्हणाले, आणि त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. "हे बघा. रोज इथंच. विचारलं तर म्हणतात, गुडघा आखडतो. मागं एखादा दवाखाना असेल बहुतेक."

"असेल, असेल," जावई म्हणाला. त्याने खिशातून फोन काढला आणि पडद्याचा फोटो घेतला. साहेबांनी चहा मागवला. दोघे हवापाण्याबद्दल बोलत बसले. मित्रांनो, मी थरथरत्या टेबलावर तासभर टिकलेली पेटी आहे, पण त्या पाच मिनिटांत आपण फुटावं, जळावं, निकामी व्हावं, असं मला वाटलं. मी निकामी झाले नाही. माझा हिरवा दिवा छान लुकलुकत होता.

सोमवारी वेणी घालून झाली. मुलगी पायरीवरून खाली उतरली. तेवढ्यात उभ्या टेम्पोमागून तो पुढे आला आणि त्याने ती नुकतीच घातलेली वेणी मुठीत धरली.

मावशींनी हॉर्नवर दोन्ही हात टाकले. तो आवाज ऐकून कारखान्यातली माणसं निळ्या-तांबड्या हातांनी धावत बाहेर आली. मावशींनी उडी मारली आणि त्याच्या मनगटाला चावल्या. होय, चावल्या. त्याने वेणी सोडली, पण तोवर मुलगी फुटपाथच्या कडेवर आपटली होती आणि तिच्या कपाळातून रक्त येत होतं.

"किती दिवस लपशील?" माणसं त्याला मागे रेटत असताना तो ओरडला. "तुझ्या आईच्या बसनंच दाखवलं मला! आता घर कळलंय. रोज येईन!"

मावशींनी वळून बसकडे पाहिलं. उघड्या दारातून त्यांची नजर थेट माझ्यावर आली. पुष्कळ वर्षं झाली, पण ती नजर माझ्यावरून हटलेली नाही.

त्याच संध्याकाळी ते घर रिकामं करावं लागलं. चौदा जणी आणि सहा लेकरं, हाताला लागेल ते घेऊन, जागा मिळेल तिकडे पांगली. पोलिसांत तक्रार झाली. जावई दोन दिवसांत सुटून आला. आठवड्याने ते घर सांभाळणाऱ्या बाई डेपोच्या फाटकाशी बसमध्ये चढल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्यामुळेच मावशींना त्यांच्याकडे बघवेना.

"टाके निघाले तिचे," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या गावी ठेवलंय, लांब. एकट्या आईला सांगायची परवानगी आहे मला. गावाचं नाव—"

"नको!" मावशींनी दोन्ही कान हातांनी झाकले. "सांगू नका. कळलं की माझे पाय तिकडं वळतील. आणि पाय वळले की कुठं तरी त्याची नोंद होईल. मला माहीतच नको."

"ताई, फक्त नाव तरी."

"तिला सांगा, आईनं विचारलं नाही." बाई उतरायला वळल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "केस कापून टाक म्हणावं."

बाई उतरून गेल्या. मी लिहून ठेवलं: दार उघडलं, दार बंद झालं.

मावशींनी त्यानंतर आणखी दोन वर्षं बस चालवली. नोकरी सोडून जाणार कुठे? पण "बुड टेकल्याशिवाय" ही आरोळी थांबली. त्या हाताने खूण करायच्या. मला त्यांनी पुन्हा कधी पुसलं नाही. माझ्यावर धुळीचा थर बसला, कुणीतरी च्युइंगम चिकटवलं, ते तसंच वाळलं. शाळा, मुलांचे थांबे, डेपो. एकही लाल ठिपका नाही. वर्षाच्या शेवटी साहेबांनी मुलांसमोर त्यांचा सत्कार केला. "यांचं रेकॉर्ड आरशासारखं स्वच्छ आहे," ते म्हणाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी प्रमाणपत्र घेतलं, चार घड्या घातल्या आणि ड्रायव्हरच्या सीटखाली सारलं.

मुलगी पुढे त्यांना भेटली का, मला माहीत नाही. मला इतकंच माहीत आहे, की मी त्या बसमध्ये होते तोवर ती चढली नाही.

बस मोडीत निघाली त्या दिवशी मिस्त्रींनी माझे स्क्रू काढले आणि सहज विचारलं, "मावशी, नेता का ही पेटी घरी? आठवण म्हणून?"

"विहिरीत टाका," मावशी म्हणाल्या.

"तसं नाही करता येत हो. आतला डेटा शाळेचा आहे."

"आतलं माझं आहे," त्या म्हणाल्या, पण हळू आवाजात. मिस्त्रींना ते ऐकू गेलं नसावं.

आता मी शाळेच्या मागच्या खोलीत, जुन्या नळांच्या आणि फुटक्या बाकांच्या शेजारी पडून आहे. नव्या बसमध्ये माझी धाकटी बहीण बसली आहे. ती शनिवारची वाट बघत नाही, क्षणाक्षणाला कळवते. लोक तिचं कौतुक करतात. माझंही एकदा झालं होतं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणी माझ्यासारख्या पेट्या बनवेल, कुणी त्या साहेबांच्या खुर्चीत बसेल. तेव्हा एवढं करा. एखाद्याचं येणंजाणं तुमच्या हाती आलं, तर ते दुसऱ्याकडे वळवण्याआधी त्या माणसाला विचारा. काळजी वाटते म्हणून कुणी गोड बोलत आलं, तरी विचारा. जे कामाचं नाही ते पुसून टाका, कुणी पुसायला सांगण्याची वाट बघू नका. माझ्यातले ते दिवस अजून कुणी पुसलेले नाहीत. तो कोपरा, ती नऊ मिनिटं, सगळं जसंच्या तसं आहे. आज कुणीही येऊन वायर जोडली, तर मी पुन्हा सगळं सांगेन. मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.