ओदेलूचा अंगठा

अकरा वर्षांपूर्वी ओदेलू ताडावरून पडला आणि पाठीचा कणा मोडून बसला. डॉक्टरांनी त्याच्या बेंबीवर पेनाने रेघ ओढली होती. "हिच्या खालचं गेलं, वरचं तुमचं," असं ते म्हणाले होते. वरचं तरी आपलं, म्हणून ओदेलू चाकाच्या खुर्चीत बसून ताडी काढणाऱ्या गौडांच्या सुऱ्या पाजवायला लागला. लाकडी फळीवर गारगोटीची पूड टाकायची, पातं घासायचं आणि डाव्या अंगठ्यावर टेकवून बघायचं. झोंबलं की सुरी तयार. त्याच्यासारखी धार आसपासच्या दहा गावांत कुणाची नव्हती, उगाच का सांगू.

त्या सकाळी त्याचा मेहुणा कनकय्या तणतणत आला.

"बावा, सुरी पाजवायला दिली होती, खायला नाही. पातं बघ, अर्धं उरलंय."

"झोंबतच नव्हती मेली. कसलं लोखंड आणतोस?"

"लोखंड नेहमीचंच आहे. अंगठ्याला काय झालं तुझ्या?"

ओदेलूने अंगठा पाहिला. पाच-सहा चिरा होत्या आणि ताज्या चिरेतून रक्त ओघळत होतं. पातं टेकल्याचं त्याला कळलं होतं, झोंबल्याचं मात्र नाही. महिनाभर खोकला आला की मानेतून कळ जायची, ती त्याने उशीच्या माथी मारली होती.

"घट्टे पडलेत, दुसरं काय," तो म्हणाला.

तेवढ्यात राजव्वा, त्याची बायको, पदरात धरून चहाचा स्टीलचा पेला घेऊन आली. त्याने तो डाव्या हातात घेतला आणि तसाच धरून बसला. तिची बोटं पदरातूनही पोळली होती.

"अहो, खाली ठेवा तो. चटका बसत नाही तुम्हाला?"

त्याने पेला खाली ठेवला. आता मात्र तो खरंच भ्यायला. पाय एका क्षणात गेले होते, भ्यायला सवडच मिळाली नव्हती. कण्यातलं हे दुखणं मात्र त्या रेघेवरून गौड ताडावर चढतो तसं बेताबेताने वर चढत होतं. हात गेले तर खुर्ची कोण ढकलणार? तोंडात घास कोण घालणार?

"कनकय्या, गाडी सांग. आजच मोठ्या इस्पितळात जायचं," राजव्वा म्हणाली आणि तिने कुंपणातला बाभळीचा काटा मोडून आणला. डाव्या बोटांपासून ती टोचत वर गेली. कोपराजवळ तो कळवळला. तिथे तिने चुलीतल्या कोळशाने रेघ ओढली.

"उजवा धड आहे माझा," तो घाईघाईने म्हणाला.

"डोळे मिटा."

"मिटले. टोच आता."

कनकय्याने तोंड फिरवलं.

"टोच की गं, राजव्वा."

काटा केव्हाचाच त्याच्या उजव्या करंगळीत रुतलेला होता.