फळीवरचं बाळ

आगमनकाळ म्हणजे वाट पाहायचा काळ. नाताळाआधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती आणि मनात एकच आस. धाकट्या जावेच्या मनातही एकच आस होती: थोरल्या जावेचं नाक कापायची. फरक इतकाच की बाकीचे लोक चार आठवडे वाट पाहतात, ही बाई वर्षभर पाहत होती.

झालं होतं ते असं. या घराण्यात आगमनकाळ लागला की मुलांपुढे एक रिकामी लाकडी गव्हाण ठेवायची. मुलाच्या हातून काही चांगलं घडलं की त्याने तीत गवताची एक काडी टाकायची. नाताळापर्यंत बाळ येशूला मऊ अंथरूण तयार. चौथ्या रविवारी दोन्ही जावांची मुलं आपापली गव्हाण घेऊन एका घरी जमायची. गेल्या वर्षी थोरलीच्या मुलांची गव्हाण उतू चालली होती आणि धाकटीच्या लेकीने, भिंगरीने, जी आणली होती तिच्यात गवत शोधावं लागत होतं.

थोरली चर्चच्या सभागृहात 'आगमनकाळ घरी अर्थपूर्ण आणि आनंदी कसा करावा' या विषयावर व्याख्यानं द्यायची. तिने चष्मा सावरून गव्हाणीत डोकावलं आणि भरल्या घरात म्हणाली, "अगं बाई! आई गावभरच्या सोफ्यांना गाद्या शिवते, आणि यांचं बाळ फळीवर?"

सगळे हसले. धाकटीही हसली, दातांत टाचण्या धरून काम करणाऱ्या बाईला तोंड न उघडता हसायची सवय असते. भिंगरीला मात्र ती सवय नव्हती. घरी आल्यावर ती उशीत तोंड खुपसून रडली. "आई, त्याला टोचेल का गं फळी?"

त्या क्षणी धाकटीचा आगमनकाळ सुरू झाला.

यंदा तिने कुठेच कसर ठेवली नाही. मेणबत्त्या रोवायचं हिरव्या फांद्यांचं कडं तिने सोफ्याला कापड ठोकायच्या पिनांनी असं पक्कं केलं, की भूकंपात घर गेलं असतं पण कडं राहिलं असतं. तीन जांभळ्या मेणबत्त्या, एक गुलाबी, चारही ओळंब्यात. आणि मग चांगुलपणाचा कारखाना सुरू झाला.

"ऊठ, आजोबांना पाणी दे."

"आत्ताच दिलं," भिंगरी म्हणाली.

"मग परत दे. म्हातारं माणूस आहे, तहान लागते."

तिसऱ्या आठवड्यात सासऱ्यांनी खोलीला आतून कडी लावायला सुरुवात केली. खुर्चीतून उठायचा त्यांनी नुसता विचार केला, तरी भिंगरी आणि तिचा धाकटा भाऊ दोन्हीकडून काखेत हात घालायचे. टपाल वाटणाऱ्या बाईची पिशवी त्या पोराने मदतीसाठी इतक्यांदा ओढली की तिने त्यांची गल्ली शेवटी घ्यायला सुरुवात केली.

"अगं, घर आहे की छावणी?" नवऱ्याने विचारलं. "आनंदाचा काळ म्हणतात ना याला?"

"आनंद चौथ्या रविवारी होणार आहे," धाकटी म्हणाली.

वाक्यही तयार होतं. मशीनवर बसून तिने ते वर्षभर शिवलं होतं, उसवलं होतं, पुन्हा शिवलं होतं: 'वहिनी, व्याख्यानं जरा कमी केली ना, की मुलांकडे बघायला वेळ मिळतो.'

चौथा रविवार उजाडला. यंदा पाळी धाकटीच्या घराची. थोरली आली, तिची मुलं आली, त्यांची गव्हाण टेबलावर आली. बरी होती, पण शेजारच्या गव्हाणीतून गवत चहूबाजूंनी लोंबत होतं. एखादा बैल आला असता तर त्याचा दिवस निघाला असता.

"अरे वा," थोरली म्हणाली, "यंदा गादीवाल्या बाईंनी मनावर घेतलेलं दिसतंय!"

धाकटीने घसा साफ केला. वाक्य ओठांपर्यंत आलं. पण व्याख्यान देणाऱ्या माणसाला मूल दिसलं की प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. थोरली भिंगरीकडे वळली. वरच्या एका जाडजूड काडीला लाल दोरा बांधला होता.

"सांग बरं बाळ, ही एवढी मोठी काडी कशाची?"

"मी तुम्हाला माफ केलं, त्याची."

थोरलीने चष्मा सावरला.

"मला? कशाबद्दल गं?"

"गेल्या वर्षी तुम्ही सगळ्यांसमोर आमच्या आईला आणि बाळाला हसलात ना, त्याबद्दल," भिंगरी मान खाली घालून, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तुम्ही माफी मागितली नव्हती. पण तुम्हीच व्याख्यानात सांगितलंत ना काकू, की समोरच्याने मागितली नाही तरी द्यावी. खूप अवघड गेलं. पहिले दोन आठवडे जमलंच नाही."

थोरलीचा चेहरा आधी गुलाबी मेणबत्तीसारखा झाला, मग जांभळीसारखा. सासऱ्यांना अचानक ठसका लागला आणि, काय आश्चर्य, पाणी द्यायला कुणीच धावलं नाही.

"चुकलंच हो माझं," थोरली म्हणाली. सभागृह भरून टाकणारा तो आवाज टेबलाच्या कडेपर्यंतही पोचला नाही.

धाकटीने आपलं वाक्य गिळलं. या सुरीपुढे ती गंजकी टाचणी काय कामाची! तिला आनंद झाला, पण त्यात थोडा हेवाही होता. काडेपेटी आणायच्या निमित्ताने तिने लेकीला स्वयंपाकघरात ओढलं.

"भिंगरे, खरं सांग. मनापासून माफ केलंस?"

"हो. याच आठवड्यात."

"आणि सगळ्यांसमोर सांगायचं कधी ठरवलंस?"

"ते गेल्या वर्षीच."

धाकटीने लेकीकडे नीट पाहिलं. तोंड न उघडता हसायची सवय पोरीलाही लागली होती.

दोघी बाहेर आल्या. चौथी मेणबत्ती पेटली. थोरली ताठ बसून वातीकडे बघत होती. भिंगरीने गव्हाणीत बोट फिरवलं, लाल दोऱ्याची काडी चाचपली आणि आईच्या कानाशी लागली.

"आई, ही टोचेल का गं?"

"टोचेल थोडी," धाकटी म्हणाली. "राहू दे."