डॅरेलच्या दारातली रांग

गावच्या साप्ताहिकानं यंदा पिअरलँडमधल्या उत्तम खानावळींची यादी छापली आणि पहिलंच नाव होतं ‘कुबेना बार्बेक्यू’. अडेला कुबेनानं ते पान जपून कापलं, रविवारी चर्चला घालायचा निळा झगा शनिवारीच अंगावर चढवला आणि सकाळी दहाला लेकाच्या दारात, रांगेत जाऊन उभी राहिली. सहा वर्षांत डॅरेल तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. आज गिऱ्हाईक म्हणून समोर गेल्यावर तरी तो ‘आई’ म्हणेल, एवढीच आस.

चूक तिचीच होती. नवरा गेल्यावर परसातल्या त्याच्या लोखंडी भट्टीचा वास तिला सोसेना. कपड्यांना, उशीला, सगळीकडे तोच धूर. महिन्याच्या आत तिनं ती भंगारात देऊन टाकली. तीस वर्षं ओकच्या लाकडाचा धूर मुरलेली भट्टी; नऊ वर्षांचा असल्यापासून डॅरेल त्या भट्टीपाशी बापाच्या हाताखाली मांस भाजायला शिकलेला. त्याला विचारलंसुद्धा नाही. तो आला तेव्हा गवतावर करपलेला डाग तेवढा होता.

“बाबांना तू दुसऱ्यांदा पुरलंस,” एवढं बोलून तो गेला.

“मागच्या शनिवारी माझ्या पुढच्या माणसापाशी मांस संपलं,” रांगेत अडेलाच्या पुढचा टोपीवाला सांगत होता. “बायको म्हणाली, रिकाम्या हातानं घरी येऊ नकोस.”

“मग?”

“मग काय, आठवडाभर इथंच उभा आहे!”

अडेला हसली. कितीतरी दिवसांनी.

तेवढ्यात एक पोटुशी बाई वही घेऊन रांगेत मोजत आली. कुणाला किती हवं ते विचारायचं आणि मांस पुरेल तिथं रांग तोडायची, हे तिचं काम.

“येसेनिया, तुझ्या नवऱ्याला सांग, आज जरा हात सैल सोड म्हणावं!” टोपीवाला ओरडला.

“त्याचा हात मलाच सैल होत नाही, तुम्हाला कुठला!”

म्हणजे ही सून. अडेला बघतच राहिली.

“मावशी, नशीब काढलंत! तुमच्यापर्यंतच पुरतंय, शेवटच्या तुम्ही. किती देऊ?”

“अर्धा पौंड.” मग धीर करून तिनं विचारलं, “कितवं गं?”

“दुसरं. पहिली चार वर्षांची आहे. बापासारखी हट्टी.”

नातीचं नाव विचारायचं होतं; ते राहूनच गेलं. येसेनियानं मागच्यांची माफी मागून त्यांना परत पाठवलं.

दीड तासानं अडेला आत पोचली. डॅरेलनं वर पाहिलं. बापाचेच खांदे. सुरी क्षणभर थांबली, मग चालू लागली. कापता कापता तो प्रत्येकाच्या हातावर कडेचा खरपूस तुकडा चवीला ठेवत होता. तिनंही हात पुढे केला.

“मी चुकले रे, बाळा.”

त्यानं मांस कापलं, तोललं, कागदात गुंडाळलं आणि तिच्या उघड्या तळव्याशेजारी फळीवर ठेवलं.

“पुढे कोण?”

अडेलानं वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. दारात नुसतं ऊन.

“पुढे कोण?” त्या मोकळ्या दाराकडे बघत त्यानं पुन्हा, जरा मोठ्यानं विचारलं.

तिनं पुडकं उचललं आणि बाजूला झाली.