वीज घालवून मारलेली रेघ

समुद्री माशांच्या टाक्या बसवणारे खंडीभर आहेत. पाणी भरलं, मीठ कालवलं, दिवे लावले, की हात झटकून मोकळे. पुढे मासे जाणोत आणि मालक जाणोत. दादा त्यांच्यातला नव्हता. उभं आयुष्य त्यानं ह्या एका कामात घातलं, आणि त्यातही त्याचा जीव अडकलेला असायचा तो वरच्या देखण्या टाकीत नव्हे, तर खाली कपाटात दडवलेल्या दुसऱ्या टाकीत. धंद्यातले लोक तिला संप म्हणतात. वरच्या टाकीच्या काठावरून पाणी संपात उतरतं, तिथे गाळलं जातं, आणि पंप ते परत वर ढकलतो. दिवसरात्र हेच चालू. हे सगळं ठीक असतं वीज आहे तोवर. वीज गेली की पंप थांबतो, आणि वरचं जास्तीचं पाणी, नळीतलं पाणी, सगळं मुकाट खाली येतं. संपात तेवढी मोकळी जागा नसेल तर ते जमिनीवर येतं. पाण्याला कोणाची भीडभाड नसते.

म्हणून दादा संपाच्या काचेवर काळ्या मार्करनं एक रेघ मारायचा. पंप चालू असताना पाणी ह्या रेघेच्या वर जाऊ द्यायचं नाही. आणि बरं का, ही रेघ तो कधी मोजून मारत नसे. पंप बंद ठेवून संप काठाखाली दोन बोटं उरेपर्यंत भरायचा. मग पंप चालू करायचा. पाणी वर चढायचं, संपातली पातळी उतरत उतरत एका जागी थांबायची. तिथे रेघ. मग तीनदा प्लग ओढून, वीज घालवून बघायचं. तीनदा म्हणजे तीनदा. गिऱ्हाईक घड्याळाकडे बघायला लागलं तरी हा पठ्ठ्या जमिनीवर मांडी ठोकून बसलेला. "गणित कागदावर बरोबर येतं हो, पण कागद भिजला की काय करणार?" असं वर ऐकवायचा.

हे सगळं त्यानं आपल्या धाकट्या भावाला शिकवलं, छोटूला. छोटू त्रेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेलं, टक्कल पडायला लागलेलं, तरी छोटूच. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. दादानं आणि त्याच वर्षी घरात आलेल्या वहिनीनं त्याला वाढवलं, त्याचं नाक पुसलं, त्याचे अभ्यास घेतले, पुढे त्याचं लग्नही लावून दिलं.

आणि अशा ह्या दादाची रेघ चुकली.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत त्यानं चार फुटी टाकी बसवली होती. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एका शनिवारी संध्याकाळी दवाखाना बंद झाल्यावर वीज गेली, ती जेमतेम अर्ध्या तासासाठी. तेवढ्यात संप भरून वाहिला. बादलीभर खारं पाणी लाकडी जमिनीवर आलं, खालच्या कप्प्यातले तीसेक पेशंटांच्या दातांचे प्लास्टरचे साचे विरघळून बसले, आणि पाणी विजेच्या बोर्डात शिरल्यामुळे वीज परत आली तरी पंप काही चालू झाला नाही. सोमवारी दार उघडलं तेव्हा सगळे मासे गुदमरून मेलेले. त्यात दादानं स्वतःच्या घरी नखाएवढी होती तेव्हापासून वाढवलेली नारिंगी माशांची जोडी होती.

दादानं गुडघ्यावर बसून रेघ बघितली होती. काळी रेघ, काठाच्या फार जवळ. तेव्हा त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. धुक्यातून दिसावी तशी ती दिसली, पण वर आहे एवढं नक्की दिसलं. "माझ्याच हातानं झालं," एवढंच तो म्हणाला. शेजारी उभ्या छोटूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "होतं दादा. वय झालं आता."

दादानं हाय खाल्ली. चार दिवस जेवला नाही. ज्या हातानं तीनदा तपासल्याचं त्याला स्वच्छ आठवत होतं, त्या हातावरचाच त्याचा विश्वास उडाला. टाक्या बनवायच्या आपल्या कारखान्याच्या किल्ल्या त्यानं छोटूला दिल्या आणि घरी बसला. पुढे डोळ्यांचं ऑपरेशन झालं, लख्ख दिसायला लागलं, पण कामाचं नाव काढलं नाही. बायको म्हणायची, "चुकतं हो माणसाचं. किती मनाला लावून घ्याल?" तिच्या त्या एका वाक्यावर त्यानं दीड वर्ष काढलं म्हणा ना.

परवा फोन वाजला. घरात फोन नेहमी बायकोच उचलायची, पण ती बाजारात गेली होती. दवाखान्यातली काउंटरवरची मुलगी बोलत होती. "छोटूकाका उचलत नाहीत हो. बाईंना टाकी परत चालू करायचीय. लहान पोरं फार रडतात, मासे होते तेव्हा बरी गप्प बसायची." दादा म्हणाला, "तो बाहेरगावी गेलाय, दुपारी येईल." फोन ठेवला. मग कपाटातून जुनी बॅग काढली, एक पंप उचलला आणि निघाला. का निघाला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दवाखाना दुपारचा बंद होता, काउंटरवरच्या मुलीनं दार उघडलं. टाकीवर चादर टाकलेली. त्या सोमवारी छोटूनं पाणी उपसून नेलं, त्यानंतर कोणी हात लावला नव्हता. दादानं कपाटाचं दार उघडलं, जमिनीवर आडवा झाला आणि टॉर्च मारला.

रेघ होती तिथेच होती. पण आता डोळे स्वच्छ होते, आणि ती रेघ पट्टी धरून मारलेली होती. सरळसोट, शाळेच्या वहीत मारतात तशी. दादानं जन्मात कधी पट्टी धरली नव्हती. त्याची रेघ उजवीकडे किंचित उतरायची. छोटू त्यावरून त्याची टिंगल करायचा.

त्यानं काचेला नाक लावलं. आतल्या बाजूनं गुलाबी-जांभळं कडक पुट चढलं होतं. हे पुट खाऱ्या पाण्याखालीच धरतं, आणि धरायला महिनोन्महिने घेतं. खालून वर आलेलं ते पुट एका जागी कापल्यासारखं थांबलं होतं. मार्करच्या रेघेच्या चांगली आठ बोटं खाली. म्हणजे पाणी महिनोन्महिने उभं होतं ते तिथे. त्याच्या वरची काच कोरी.

"काका, बरं वाटत नाही का?" मुलीनं विचारलं. हा बाबा जमिनीवर आडवा पडून हलेचना.

"बेसिनची नळी इकडे ओढ," दादा म्हणाला. "आणि दवाखान्यात असतील नसतील तेवढी फडकी आण."

मासे नव्हतेच, साधं पाणी चालणार होतं. वरची टाकी भरली, संप काठाखाली दोन बोटांपर्यंत भरला, पंप लावला. पाणी वर चढलं, काठावरून पडायला लागलं, संपातली पातळी उतरत उतरत थांबली. अगदी गुलाबी पुटाच्या कडेला. केसाचाही फरक नाही. दादानं प्लग ओढला. पाणी खाली आलं आणि काठाखाली दोन बोटं ठेवून थांबलं. तीनदा ओढला, तीनदा थांबलं. मग त्यानं पंप चालू ठेवून वरच्या, पट्टीनं मारलेल्या रेघेपर्यंत पाणी वाढवलं आणि चौथ्यांदा प्लग ओढला.

"अगं बाई!" म्हणून मुलगी खुर्चीवर चढली. पाणी संपाच्या काठावरून भळभळा वाहत होतं आणि दादा फडक्यांच्या मधोमध, भिजल्या विजारीनं, ढसाढसा रडत होता. आनंद होता तो! दीड वर्षानं त्याचा हात त्याला परत मिळाला होता.

"ही रेघ कोणी बदलली, तुला माहीत आहे?" डोळे पुसत त्यानं विचारलं.

"छोटूकाकांनी," ती सहज म्हणाली. "मीच फोन करायचे ना दर सोमवारी. शनिवार-रविवार पाणी घालायला कोणी नसायचं, ते उडून कमी व्हायचं आणि पंप गुरगुरायचा. मग त्यांनी रेघ वर घेतली. म्हणाले, आता इथपर्यंत भरत जा. ते सगळं व्हायच्या आधी वीसेक दिवस. का हो?"

दादाचा आनंद तेवढाच टिकला.

छोटू कारखान्यात नुकताच येऊन पोचला होता, दादाच्या खुर्चीत बसून चहा पीत होता. आयत्या बिळावर नागोबा. दादाची ओली विजार बघून तो उठला, आणि कुठून आलास हे विचारायच्या आधीच त्याचा चेहरा पडला.

"पट्टी धरून मारलीस," दादा म्हणाला.

छोटूनं कप खाली ठेवला. "मोठा संप आणेपर्यंतच म्हटलं होतं, दादा. चार दिवसांचा प्रश्न."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"आणि नंतर? मी माझ्या हाताला शिव्या देत बसलो होतो, तेव्हा तू शेजारी उभा होतास. खांद्यावर हात ठेवलास माझ्या. तोच हात रे, रेघ मारलेला! परक्यानं गळा कापला असता तर निदान सुरी तरी दिसली असती मला. तू केसानं कापलास."

छोटू रडायला लागला. त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, नऊ वर्षांच्या पोरासारखा. "मी सांगणार होतो. देवाशपथ सांगणार होतो. मंगळवारी सकाळी घरीच आलो होतो त्यासाठी. तू झोपला होतास. वहिनीला सगळं सांगितलं, म्हटलं दादाला उठव. वहिनीच म्हणाली..."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, राहू दे."

ह्या भावावर ओरडण्यासाठी त्यानं रस्ताभर जी वाक्यं जमवली होती, ती एकदम निरुपयोगी झाली. तो घरी आला.

बायको स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती. ओली विजार तिनंही बघितली. बॅगही बघितली.

"तुला माहीत होतं," दादा म्हणाला.

तिनं नाही म्हणायला हवं होतं. निदान "काय माहीत होतं?" तरी. पण ती खोटं बोलायला बसलेली बाई नव्हती, एवढं एक खोटं सोडलं तर.

"होतं," ती म्हणाली.

"पहिल्या दिवसापासून?"

"दुसऱ्या." तिनं भाजी बाजूला सारली. "अहो, दोनदा शिडीवरून पडलात तुम्ही त्या वर्षी. दिसत नव्हतं, तरी ऐकत नव्हता. ऑपरेशन करा म्हणून तुमचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते मी. आणि छोटू रडत आला तर मला काय वाटलं, सांगू? देव पावला वाटलं. म्हटलं, आता तरी हे घरी बसतील."

"मी चार दिवस जेवलो नाही. तू ताट घेऊन समोर बसायचीस."

"बसायचे."

"म्हणायचीस, चुकतं हो माणसाचं."

"म्हणायचे."

"माझं चुकलं नव्हतं."

"नव्हतं," ती म्हणाली.

दादा खुर्चीवर बसला. राग यायला हवा होता, पण राग छोटूवर येत होता तसा हिच्यावर येईना. त्याच्या जागी नुसता खड्डा पडला होता. "डोळ्यांवरची पट्टी काढली त्या दिवशी तरी सांगायचंस," तो म्हणाला. "तेव्हा तर मला दिसायला लागलं होतं. पडलो नसतो."

"त्या दिवशी सांगितलं असतं तर त्याच दिवशी बॅग उचलली असतीत." ती आता त्याच्याकडे सरळ बघत होती. "दीड वर्ष रोज चार वाजता माझ्याबरोबर चहा प्यायलात तुम्ही. त्याआधी तेहतीस वर्षांत किती वेळा प्यायलात? मोजून सांगा. मला दहा आठवतात."

चार वाजताच्या त्या चहाची दादालाही गोडी लागली होती, हे तिला ठाऊक होतं. दिवसभरात तेवढा एक तास त्याला स्वतःची लाज वाटत नसे. आणि ती लाज कशाची हे माहीत असणारी बाई समोर बसून त्याच्या कपात साखर ढवळत होती. प्रत्येक दिवशी. ढवळत होती आणि गप्प होती.

त्या रात्री दोघं जेवली. अन्नावर राग काढायचा नाही, ही त्या घराची रीत होती. भांडण झालं नाही, आवाज चढला नाही. शेजाऱ्यांना विचाराल तर ते सांगतील, सोन्यासारखं जोडपं.

सकाळी सात वाजता दादानं बॅग भरली. मार्कर घेतला, पंप घेतला, वाळलेली विजार घातली. दवाखान्यात मीठ कालवून नवं पाणी तयार करायचं होतं, पट्टीची रेघ पुसून आपली मारायची होती. बायको दाराशी आली.

"कुठे निघालात?"

लग्नाला पस्तीस वर्षं होत आली होती, आणि ह्या प्रश्नाचं उत्तर त्यानं नेहमी पत्त्यासकट दिलं होतं. कोणाची टाकी, कोणता मजला, परत किती वाजता.

"फिरायला," दादा म्हणाला. बॅग त्याच्या हातातच होती.

तिनं बॅगेकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "बरं," ती म्हणाली. "सावकाश या."